गाणं फुकट, खोका विकत

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गाण्याच्या पॅकिंगवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण सामान कसं बांधावं हे आमच्याइतकं कुणाकडून घोकून घेत नाहीत!

गाणं आता फोनवर येतं, बहुतेकदा फुकटच. मग तबकडी, सीडी असल्या वस्तूंवर कुणी पैसे का घालावेत? रेडिओहेड या इंग्लिश बँडनं २००७ साली हे करून पाहिलं. 'इन रेनबोज' हा अल्बम त्यांनी इंटरनेटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. काही न देता उतरवून घेतला तरी चालत होतं. शिवाय तोच अल्बम ४० पौंडांच्या खोक्यातही काढला. त्यात तबकड्या, सीडी, चित्रं आणि छापील गीतं. फुकट मिळणाऱ्या गाण्यासाठी लोकांनी ते ४० पौंडही मोजले.

अमेरिकेचा बेक तर आणखी पुढे गेला. २०१२ मध्ये 'साँग रीडर' नावानं त्यानं २० गाणी फक्त छापील स्वरलिपीत काढली. ऐकायची असतील तर स्वतः वाजवा! मला हा प्रकार फार आवडला.

नुसती गंमत मात्र अंगाशी येते. रोलिंग स्टोन्सच्या १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स'च्या कव्हरवर खरीखुरी चेन होती, पँटला असते तशी. कल्पना अँडी वॉरहॉलची. गठ्ठ्यात एकावर एक ठेवल्यावर ती चेन तबकडीत रुतू लागली. तेव्हा उपाय निघाला की चेन अर्धी उघडूनच माल पाठवायचा, म्हणजे दाब गाण्यावर न येता मधल्या लेबलवर येतो. ज्याला हे सुचलं त्याला मी आमच्या सप्लाय डेपोत लगेच घेतलं असतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सारेगामाचा कारवां आला. रूप जुन्या रेडिओचं, आत ५००० गाणी. मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला. फाइल कागदात गुंडाळून देता येत नाही ना!

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. शास्त्रीय गायनाच्या तबकडीच्या मागे राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे छापलेलं असायचं. कॅसेटच्या आतल्या कार्डावरही ते बारीक अक्षरात असे. फोनवर गायकाचा अंगठ्याएवढा फोटो दिसतो आणि साथीदार पुष्कळदा दिसतच नाहीत. युद्धस्मारकावर अधिकाऱ्याच्या बरोबरीनं शिपायाचंही नाव कोरतात. मग तबलावादकाचं नाव का गाळायचं?

इंदूर, बडोदा, बेंगळुरू, जिथे कुठे आपली मंडळी मैफली करून रेकॉर्डिंग काढतात, त्यांना माझं सांगणं आहे. सीडी काढू नका, ती लावायला घरात यंत्रच उरलेलं नाही. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड छापा. पुढे चांगलं चित्र. मागे बंदिशीचे शब्द, राग, ताल, सगळे साथीदार, रेकॉर्डिंग करणारा, जागा आणि तारीख. कोपऱ्यात क्यूआर कोड, फोन धरला की गाणं सुरू. मैफल संपल्यावर दाराशी टेबल टाकून विका.

आणि सह्यांसाठी थोडी जागा कोरी ठेवा. तबलावादकाची सही मागणारा पहिला गिऱ्हाईक मी.