ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या, आता पुस्तकं कोण देणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

तिवसा तालुक्यातल्या बचत गटाच्या आम्ही साऱ्या जणी बोलतो आहोत. निंदणाचे दिवस आहेत, दिवसभर वावरात कंबर वाकवून तुम्ही आत्ता कुठं टेकल्या असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

१२ ऑगस्ट हा आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या निमित्तानं आम्ही एका बाईबद्दल बोलणार आहोत. गावातल्या शाळेत ३१ वर्षं ग्रंथपाल होत्या, यंदा ३० जूनला निवृत्त झाल्या आणि आता आमच्या गटात आल्या आहेत. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही. त्यांनीच सांगितलं, "नाव राहू द्या, कामाचं बोला."

३० जून हा शाळेच्या नोकरीत निवृत्तीचा मोठा दिवस. कारण तुम्हाला माहीत आहे. नाव घालताना जन्मतारीख कोणाला सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जुलै लिहून मोकळे व्हायचे. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती येते. आपल्या विदर्भात शाळा उघडतात त्याही जूनच्या शेवटी. पोरं नवं दप्तर घेऊन शाळेत आली आणि बाई शाल-श्रीफळ घेऊन घरी गेल्या.

गावात पुष्कळांना वाटायचं, ग्रंथपालाला काय काम? कपाट उघडायचं आणि खुर्चीवर बसायचं. आम्हालाही सगळं काम त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद. तो नंबर पुस्तकावर पडतो, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही पडतो. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक कोणाचं ते कळावं म्हणून. मग विषयाचा आकडा. ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली ही आकड्यांची पद्धत काढली. शेतीचं पुस्तक ६३० मध्ये, स्वयंपाकाचं ६४१ मध्ये, मराठी कथा-कविता ८९१.४६ मध्ये. आपण डाळी-तांदळाचे डबे जागच्या जागी ठेवतो, अंधारातही हात बरोबर पडतो, तसंच हे.

पावसाळ्यात बुरशी आणि वाळवी. त्यासाठी कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढायचं, निंबाचा वाळलेला पाला ठेवायचा, ऊन पडलं की पुस्तकं वाऱ्याला काढायची. परीक्षा संपल्यावर एकेक पुस्तक मोजायचं. दहावीची पोरं दाखला न्यायला आली की कोणाकडं काय राहिलं ते पाहायचं.

पण हे झालं वहीतलं काम. वहीत न लिहिलेलं काम याहून मोठं होतं. कोणत्या पोराला जाड पुस्तकाची भीती वाटते, कोणती पोरगी सुटीत मामाच्या गावाला जाते आणि तिला दोन पुस्तकं जास्त लागतात, हे त्यांच्या डोक्यात असायचं. आठवीतल्या मुलींना त्या मुद्दाम सांगायच्या, "हे घरी ने अन् आईले वाचून दाखव." आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण लेकीच्या तोंडून गोष्टी ऐकल्या त्या अशा.

ग्रंथपाल दिन ज्यांच्या जन्मदिवशी पाळतात ते डॉ. एस. आर. रंगनाथन. ते आधी गणिताचे शिक्षक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकात मांडले. आपल्या भाषेत सांगायचं तर पुस्तक वापरायसाठी आहे, प्रत्येक माणसासाठी कुठंतरी एक पुस्तक आहे, प्रत्येक पुस्तकाला कोणीतरी वाचणारं आहे, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नका, आणि ग्रंथालय वाढतं राहिलं पाहिजे. आमच्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाचं काम केलं. माणूस आणि पुस्तक यांची गाठ घालून दिली.

आता अडचण कुठं आहे ते ऐका. पाचशेवर विद्यार्थी असले तर अर्धवेळ ग्रंथपाल आणि हजारावर असले तर पूर्णवेळ, असा हिशेब शाळांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला. त्याहून लहान शाळेत एखाद्या शिक्षकाकडं किल्ली. आमच्या बाईंची पहिली १२ वर्षं अर्धवेळात गेली. पगार अर्धा, पण पुस्तकं काही अर्धी नव्हती.

निवृत्त होताना पंधरा दिवस बसून त्यांनी एकेक पुस्तक मोजून दिलं, यादीवर सह्या झाल्या, किल्ल्या कार्यालयात जमा झाल्या. कार्यभार पूर्ण. पण कोणत्या पोरीला कोणतं पुस्तक द्यायचं याची यादी कशी करणार? ती त्यांच्यासोबत घरी आली. जागा लवकर भरली नाही तर कपाटाला कुलूप आणि पुस्तकाला धूळ. मेलेलं माणूस गावाला दिसतं, बंद पडलेलं कपाट दिसत नाही.

बाईंच्या स्वतःच्या हिताचंही बोलू, कारण अंगणवाडी, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी आपल्या कितीतरी बहिणी नोकरीत आहेत. बाई सांगतात, निवृत्तीची तयारी शेवटच्या महिन्यात करू नका. दोन वर्षं आधी आपलं सेवापुस्तक पाहून घ्या. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात बायकांची प्रकरणं अडकतात. आधार, पॅन, बँक आणि सेवापुस्तक या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे. अर्धवेळाची वर्षं कशी धरली आहेत ते लेखी विचारा. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचा आणि नंतर लागलेल्यांचा पेन्शनचा हिशेब वेगळा आहे, आपण कशात बसतो ते माहीत असू द्या. वारसाचं नाव भरलं आहे ना, ते पाहा. पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणं विसरू नका.

आणि उपदानाची रक्कम हातात येते तेव्हा घरातल्या साऱ्यांच्या गरजा एकदम जाग्या होतात. स्लॅब टाकायचा असतो, मोटारसायकल घ्यायची असते. बाईंनी रक्कम आधी स्वतःच्या नावावर ठेवीत टाकली, मग घरात सांगितलं. घर मोडलं नाही, कोणी रुसलं असेल तर चार दिवसांनी बोललं.

आता आमच्या गटाची गोष्ट. जुलैच्या बैठकीत एकीनं सुचवलं, बाई आता रिकाम्याच आहेत, त्यांनी बायकांसाठी वाचनालय चालवावं. साऱ्यांनी माना डोलावल्या. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी अर्ध्या पगारात पुरं काम केलं. आता बिनपगारी पुरं काम सांगता का बाई?"

बैठक गप्प झाली. बाई रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी आपला हिशेब मांडला. सकाळ नातवाची, दुपार माझी. ३१ वर्षं दुसऱ्यांना पुस्तकं देता देता माझं सावकाश वाचायचं राहून गेलं, ते आता करायचं आहे. आठवड्यातली एक दुपार मी देईन, पण काम शिकायला दोघी जणी पाहिजेत.

मग ठरलं ते असं. आम्ही ११ जणी महिन्याला प्रत्येकी २० रुपये काढतो, २२० रुपये होतात. हा पगार नव्हे, पण कामाला किंमत आहे एवढं वहीत लिहिलं जातं. दोघी तरुण सुना त्यांच्या हाताखाली शिकतात. वर्षभरानं बाई मोकळ्या होतील आणि काम चालू राहील. शाळेची पुस्तकं आम्ही मागितली नाहीत, ती लेकरांची आहेत. घराघरातून जमा केलेली सत्तरेक पुस्तकं एका लोखंडी पेटीत ठेवली आहेत. त्यांची दाखल नोंदवही आहे, आणि आतल्या ठरलेल्या पानावर नंबरही आहे.

वाचता न येणाऱ्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. आपला तालुका गुरुकुंज मोझरीचा. राष्ट्रसंतांची ग्रामगीता १९५५ साली आली, तेव्हापासून एकानं वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं हे आपल्या गावांना नवं नाही. तसंच आम्ही करतो. अर्धा तास गोष्ट, अर्धा तास कामाचा कागद. मागच्या आठवड्यात बाईंनी कर्जाचा अर्ज मोठ्यानं वाचला. "जामीनदार" हा शब्द आला तशी एक मावशी म्हणाली, "थांब बाई, हे मी कोणासाठी झाली होती का?" जावयाच्या कर्जावर दोन वर्षांमागं तिनं सही केली होती, पण कशावर ते तिला त्या दिवशी कळलं. आता बँकेत जाऊन किती बाकी आहे ते ती विचारून आली आहे.

म्हणून तुम्हाला आमचं सांगणं एवढंच. तुमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आहे का आणि शेवटचं कधी उघडलं, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. त्या समितीत तुमच्यातल्या आया आहेत. गावात किंवा तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असेल तर सभासद व्हा. आपल्या राज्यात त्यासाठी १९६७ चा कायदा आहे आणि मान्यता असलेल्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे ते तुमचंही आहे. आणि गावात कोणी ग्रंथपाल, शिक्षिका, अंगणवाडी सेविका निवृत्त होत असतील, तर सत्काराच्या दिवशी त्यांना शाल द्या, पण आठवड्याभरानं घरी जाऊन विचारा, तुमच्याकडून आम्ही काय शिकावं, आणि त्यासाठी तुम्हाला काय द्यावं?

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.