तुसाचा हिशेब

गोंदियाच्या राईस मिलमध्ये 100 किलो धान भरडलं की जवळपास 20 किलो तूस निघतं. ते बॉयलरला जातं, कोंड्याचं तेल निघतं. याला आता ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात. चांगलंच आहे. पण तणस गुरांना, शेण शेताला, राख भांड्यांना, हे चक्र घरोघरी बाईच फिरवत आली; तिच्या कामाला कुणी अर्थव्यवस्था म्हटलं नाही. तूस फुकट होतं तोवर आमच्या गटातल्या बाया ते चुलीला आणत. भाव आला, तसं मिलचं फाटक बंद झालं. आता त्याच बाया सरपणाला जंगलात जातात. कचरा शून्य झाला खरा, पायपीट वाढली. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे, तुसाचा सौदा बचत गटाच्या नावावर का होऊ नये?