फ्रीज काय सांगतोय, ते आधी लिहून घ्या
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले बोलणे)



आज परतफेडीचा विषय नाही, निवांत बसा. आज फ्रीजवर बोलायचंय.

आपल्या एका गटाने पनीर-श्रीखंडासाठी कर्ज काढून दोन दारांचा फ्रीज घेतला. एका सकाळी त्याच्यावर आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. सचिवताईंनी मला फोन केला. मी काय सांगितलं? “बंद करून चालू करा.” अक्षरं गेली, आम्ही खूश. संध्याकाळी बघतो तर पनीर कोमट! मेकॅनिक आले, म्हणाले, “काय दिसत होतं?” कुणालाच आठवेना. “मग कार्ड गेलं असेल.” ३,८०० रुपये दिले. आठ दिवसांनी तीच अक्षरं परत! तेव्हा कुठे कपाटावरची पुस्तिका काढली. त्यात त्या अक्षरांपुढे लिहिलं होतं : फ्रीझरचा पंखा. दाराचं रबर सैल होतं, बाहेरची दमट हवा आत जायची, तिचा बर्फ होऊन पंखा अडकला होता. कार्ड चांगलंच होतं. पैसे गटाचे गेले, चूक माझी होती. म्हणून आज बोलतेय.

ही अक्षरं म्हणजे एरर कोड. कुठला भाग अडलाय, ते फ्रीज त्यातून सांगतो. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. एलजीच्या बऱ्याच फ्रीजवर ‘ई-आर’सोबत ‘एफ-एफ’ आलं तर फ्रीझरचा पंखा, ‘डी-एच’ आलं तर बर्फ वितळवायची यंत्रणा. काही फ्रीजवर नुसतं ‘ऑफ’ येतं. तो बिघाड नसतो. दुकानात दाखवायला ठेवतात तो डेमो मोड चालू राहिलेला असतो. दिवा लागतो, पण गारवा नाही. तो कसा काढायचा, ते पुस्तिकेत असतं. म्हणून शेजारणीच्या फ्रीजवरून आपल्या फ्रीजचा अर्थ लावू नका.

मग करायचं काय?

पहिलं, बटणाला हात लावायच्या आधी कोडचा फोटो काढा, नाहीतर वहीत लिहा.

दुसरं, पुस्तिकेत बघा. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर सांगून कंपनीला फोन करा. तो नंबर बहुतेक वेळा दाराच्या आत किंवा पाठीमागे चिकटवलेला असतो.

तिसरं, दार नीट लागतं का? दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथे रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्याने पुसून बघा.

चौथं, प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग लावा. लगेच लावू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो. कोड परत आला तर मेकॅनिकला बोलवा आणि कोड आधी सांगा. कुठला भाग बदलला, ते बिलावर लिहून घ्या, जुना भाग मागून घ्या.

एका दाराच्या साध्या फ्रीजवर कोड येत नाहीत. तिथेही रबर, प्लग आणि व्होल्टेज आधी बघायचं. आपल्याकडे वीज कमी-जास्त होते, तर स्टॅबिलायझरचं कंपनीला विचारून घ्या.

आता काय करायचं नाही! सुरीने बर्फ खरवडू नका, नळीला भोक पडतं. बऱ्याच नव्या फ्रीजमधला वायू पेट घेणारा असतो. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर फ्रीजला परत हात लावू नका. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. वीज गेली तर दार उघडू नका, चार तास माल टिकतो. त्यापुढे दूध-पनीर विकायचं नाही, पोरांनाही द्यायचं नाही. गटाचं नाव त्या डब्यावर असतं, ताई.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या फ्रीजचा मॉडेल नंबर इतिवृत्त वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायचा. मी तपासणार आहे! आणि माझ्यासारखं “बंद करून चालू करा” कुणी सांगितलं, तर आधी विचारा, “कोड लिहून घेतला का?”