होडीची कातडी आणि तिचा रंग



बिलोलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गांवीं राहून मीं होडीच्या दुरुस्तीवर बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु आमच्या तालुक्याच्या कडेनें मांजरा वाहते आणि पुढें कंदकुर्तीपाशीं ती गोदावरीस मिळते. सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत शेजारच्या मुखेड तालुक्यांत पुरानें गांवें वेढलीं, तेव्हां होडीचें मोल काय तें साऱ्यांस कळलें. एरवीं वर्षाचे बहुतेक दिवस उन्हांत उपडी पडून राहणारी फायबरची होडी त्या एका रात्रीसाठीं धड असली पाहिजे.

जुन्या लाकडी नावेच्या फटींत कापूस ठासून वर राळ व तेल चोपडीत. आजच्या होडींतही राळच आहे. मात्र ती कारखान्यांत तयार होते. सांच्याला आंतून प्रथम रंगीत राळेचा सुमारें अर्ध्या मिलिमीटरचा थर देतात आणि त्यामागें काचतंतूंचे थर राळेंत भिजवून बसवितात. म्हणजे ही होडी बाहेरून आंत घडते! तो पहिला थर म्हणजे जेलकोट, होडीची कातडी. ती फाटली कीं पाणी काचतंतूंत मुरूं लागतें.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. एका होडीचा तळ खडकावर घासून चरा पडला होता. मीं त्यावर तैलरंगाचे दोन हात दिले. होडी नव्यासारखी दिसूं लागली. पुढच्या पावसाळ्यांत रंगाचा पापुद्रा सुटला. बोटानें ठोकून पाहिलें, तों भोंवतालीं खणखणीत आणि तेथें मात्र बद्द आवाज. जखम झांकली होती, भरली नव्हती.

तेव्हां प्रथम भेग उतरत्या कडांनीं रुंद करावी, ओले वा सुटे तंतू काढावे आणि जागा पुरती वाळूं द्यावी. आंतील थर फुटले असल्यास आधीं काचतंतू व राळ यांनीं ते भरावे. मगच रंगाकडे वळावें.

रंग जुळविणें हें रफूसारखें आहे. जुन्या शालूस कोरा धागा घातला तर तो लांबून ओळखूं येतो. उन्हानें जेलकोट विटतो, त्यावर खडूसारखी भुकटी येते. ती घासून काढल्यावर जो खरा रंग दिसेल, त्याच्याशींच जुळवणी करावी. पांढऱ्यांत पिवळ्याचा अंश आणि काळ्याचा केवळ स्पर्श, असे थेंब मोजून घालावे व लिहून ठेवावे. एक ठिपका होडीवर लावून तो उन्हांत पाहावा. दिव्याखालीं जुळलेला रंग दिवसा फसवितो. ओला व घट्ट झालेला रंग यांतही फरक पडतो, म्हणून निराळा नमुना कडक करून पाहावा.

कडक होण्यासाठीं पेरॉक्साइडचा हार्डनर शंभर भागांस एक ते दोन भाग लागतो. आमच्या उन्हांत मिश्रण भांड्यांतच घट्ट होतें, म्हणून काम सकाळीं सावलींत करावें. पण हार्डनर एका भागाहून कमी करूं नये. त्याचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टीस धोका असतो, हें विसरूं नये. हवा लागली तर थराचा पृष्ठभाग चिकट राहतो. तो पारदर्शक कागदानें झांकावा. थर किंचित् उंच ठेवून, कडक झाल्यावर चारशें, सहाशें, हजार नंबरच्या पॉलिश कागदांनीं पाण्यासह घासावा आणि शेवटीं चकाकी आणावी.

इतकें करूनही ठिगळ किंचित् दिसलें, तर त्याची लाज वाटूं देऊं नये. पुराच्या रात्रीं होडींत चढणारें मूल रंग पाहत नाहीं. खालून पाणी येत नाहींसें पाहून तें निर्धास्त बसतें. आपलें काम त्या निर्धास्तपणासाठीं असतें.