अधिवेशनास जाणारा सभासद

(ऐरोली, नवी मुंबई येथे कार्यकर्त्यांच्या सभेत केलेले भाषण)



पक्षाच्या वार्षिक अधिवेशनास जाण्याची आपली तयारी चालू आहे. गाडी ठरली, झेंडे आले, शिदोरीचीही वाटणी झाली. परंतु तेथे जाऊन आपण करावयाचे काय, याचा विचार अद्याप झालेला नाही. त्यासाठीच मी उभा आहे.

काही वर्षांपूर्वी एका पक्षाच्या अधिवेशनास मी सभासद या नात्याने हजर होतो. तुर्भ्याच्या एक सफाई कामगार भगिनी आमच्यासोबत होत्या. कंत्राटी कामगारांना कायम करावे, ही उपसूचना त्यांनी लिहवून घेतली होती. दोन दिवसांची मजुरी बुडवून त्या आल्या होत्या. तेथे तीन तास सत्कार झाले. मग ठराव वाचला गेला, "मान्य आहे ना?" असे विचारण्यात आले आणि उत्तर येण्यापूर्वीच टाळ्या पडल्या. त्या भगिनींचा कागद पदराच्या गाठीतच राहिला. परतताना वाशीच्या पुलावर त्या मला म्हणाल्या, "दादा, आपल्याला मत द्यायला बोलावलं होतं, का टाळ्या द्यायला?" मजजवळ उत्तर नव्हते.

आपल्या चळवळीची परंपरा ही नव्हे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वेळी, २० जुलै रोजी, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली. ज्यांना गावच्या चावडीवर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या लेकी तेथे ठराव मांडीत होत्या.

आणि परंपरा त्याहूनही प्राचीन आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते. संघात प्रस्ताव रीतसर मांडला जाई. महत्त्वाच्या कार्यात तो तीन वेळा पुकारला जाई. ज्याचा विरोध असेल त्याने बोलावे. कोणी न बोलल्यास संमती मानली जाई. मतभेद राहिल्यास शलाका वाटून मते मोजली जात आणि शलाका वाटणारा पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा लागे. मौन ही संमती खरी; परंतु ती तीनदा विचारल्यानंतरची!

त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही बाबासाहेबांनी दिला होता. आज १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम २९-अ प्रमाणे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षास संविधानावर आणि लोकशाहीच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. जी निष्ठा कागदावर दिली, ती मंडपात का दिसू नये?

कोणी म्हणतील, प्रश्न विचारल्याने शिस्त मोडते, फूट पडते. माझे मत उलट आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली, हे आपण जाणता. मतभेद मंडपात मोकळेपणाने मिटले नाहीत, तर ते मंडपाबाहेर दुसरा मंडप घालतात. बहुमताने हरलेला सभासद पक्षात राहतो. ज्याचे ऐकलेच गेले नाही, तो निघून जातो.

म्हणून माझी विनंती एवढीच. ठरावांचे मसुदे आधी मागा आणि विहारात सर्वांसमक्ष वाचा. उपसूचना लेखी द्या. तिला सूचक आणि अनुमोदक ठेवा. हात वर करून मते मोजण्याचा आग्रह धरा. जमाखर्च पाहिल्यावाचून मंजूर करू नका. परत आल्यावर, जे येऊ शकले नाहीत त्यांना सारा वृत्तांत सांगा. आणि निर्णय आपल्या विरुद्ध गेला, तरी तो पाळा.

त्या भगिनी आज या सभेत बसल्या आहेत. त्यांचा कागद अद्याप त्यांच्याजवळ आहे. यंदा आपल्या शाखेची पहिली उपसूचना तीच असावी, असे मी सुचवितो. याला अनुमोदन कोण देतो? टाळ्या नकोत; हात वर करा.

जयभीम!