रंगारी रॉबर्ट नूनन

रॉबर्ट नूनन हा घरे रंगवणारा कारागीर 1870 मध्ये डब्लिनला जन्मला आणि 3 फेब्रुवारी 1911 रोजी लिव्हरपूलच्या इस्पितळात क्षयाने वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने भिंती रंगवल्या, दुकानांच्या पाट्या लिहिल्या आणि रॉबर्ट ट्रेसेल या टोपणनावाने एकच कादंबरी लिहिली. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद समाजवादी कादंबरीकार अशी होते, रंगकाम तळटीपेत जाते. हा क्रम उलटा हवा. कादंबरीत जे टिकले, ते रंगाऱ्याच्या हातातून आलेले आहे.

तरुणपणी तो दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे लग्न, मुलगी कॅथलीन, मग घटस्फोट, जोहान्सबर्गच्या कामगार संघटनेत ऊठबस. 1901 च्या सुमारास तो मुलीसह इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जला आला आणि कंत्राटदारांकडे कामाला लागला.

त्या काळी रंग सफेदा आणि जवसाचे तेल कालवून होई. आधी जुना रंग खरवडायचा, भेगांत लांबी भरायची, घासायचे, मग एकावर एक हात द्यायचे. कंत्राटदार पैसे ठरलेल्या हातांचे घेई आणि कारागिराला त्याहून कमी हातांत आटपायला लावी.

‘द रॅग्ड ट्राउझर्ड फिलांथ्रॉपिस्ट्स’ या कादंबरीत हे सारे येते. आपले श्रम मालकाला फुकापासरी देऊन टाकणारे मजूर हेच तिच्यातले दानशूर. हंटर हा मुकादम पावले न वाजवता घरात शिरतो. म्हातारा लिंडन पाइप ओढताना सापडतो आणि जागच्या जागी कामावरून जातो. कुजका दोर तुटून शिडी कोसळते आणि फिलपॉट मरतो. दोर बदलायला हवा हे कामगारांना आधीच दिसत होते; बदलण्याचा खर्च मालकाला नको होता. मालकाची कंपनी प्रेतयात्रांचेही काम घेते, त्यामुळे या मरणातही तिची मिळकत शोधली जाते.

पण थांबायला हवे ते एका खोलीपाशी. नायक ओवेन याला एका श्रीमंताचा दिवाणखाना मूरिश पद्धतीने सजवण्याचे काम मिळते. तो रात्री घरी बसून नक्षीचे आराखडे काढतो. या रात्रींचे पैसे त्याला मिळत नाहीत. पिळवणुकीवर तावातावाने बोलणारा हा माणूस चांगले काम हाती आले म्हणून स्वतःच फुकट राबतो! याला लेखकाची विसंगती म्हणणाऱ्यांनी कधी ब्रश धरला नसावा. नूनननेही हेस्टिंग्जच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या भिंतीवर नक्षीकाम केले होते. पुढे चर्च पाडले गेले. त्या भिंतीचा एक तुकडा गावच्या संग्रहालयात आहे. कादंबरी प्रचारकी आहे, असा आक्षेप घेतला जातो. आहेच. भाषणे लांबतात, उपदेश पुनःपुन्हा येतो. पण दिवाणखान्याची ती नक्षी प्रचारासाठी कोणी लिहीत नाही.



दिवसाचे काम उरकून लिहिलेली कादंबरी 1910 पर्यंत पूर्ण झाली. हस्तलिखित सोळाशेंहून अधिक पानांचे. प्रकाशकांनी नाकारले. उद्वेगाने नूनन ते जाळायला निघाला होता, कॅथलीनने वाचवले. कॅनडाला जाण्याच्या इराद्याने तो लिव्हरपूलला गेला आणि तिथेच संपला. वॉल्टनच्या दफनभूमीत इतर बारा जणांबरोबर एकाच खड्ड्यात त्याला पुरले.

कॅथलीनने हस्तलिखिताचे सर्व हक्क पंचवीस पौंडांना विकले. 1914 मध्ये ग्रँट रिचर्ड्स यांनी पुस्तक काढले. जेसी पोप या बाईंनी ते कापून काढले आणि ओवेनच्या आत्महत्येच्या विचारापाशी संपवले. मूळ लेखनाचा शेवट आशेचा आहे. याच बाई पुढे महायुद्धात तरुणांना लढायला पाठवणाऱ्या कविता लिहीत होत्या. नूननचा चरित्रकार फ्रेड बॉल याने पुढे हस्तलिखित शोधून काढले, तेव्हा 1955 मध्ये पूर्ण कादंबरी छापली गेली. हस्तलिखित आता ब्रिटनच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या संग्रहात आहे. कबरीची जागा बऱ्याच वर्षांनी सापडली, तिच्यावर दगड 1977 मध्ये बसवला.