बंदुकीचें बिऱ्हाड



बिऱ्हाड हलविण्याचा दिवस म्हणजे घरांतील सर्वांच्या स्मरणशक्तीची परीक्षाच. भांडीं मोजलीं जातात, ट्रंकांवर नांवें घातलीं जातात, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले कोणीतरी जपून जवळ ठेवतें. परंतु कांहीं घरांत एक वस्तु अशी असते, कीं तिची आठवण गाडी दाराशीं येऊन उभी राहिल्यावर होते. कपाटामागें जुन्या कापडांत गुंडाळून ठेवलेली बंदूक ही ती वस्तु. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत बिऱ्हाड नेतांना या वस्तूचें काय करावें, याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहे.

अकोले तालुक्यांतील राजूर हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांस भंडारदऱ्याच्या वाटेवरील म्हणून, किंवा तेथें भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळें ठाऊक असेल. भोंवतीं सह्याद्रीचे डोंगर, उतारावर भाताचीं खाचरें आणि पलीकडे रान. अशा मुलखांत पीक राखावयास बंदूक लागते, हें कायद्यानेंही मान्य केलें आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र-अधिनियमांत आहे.

आतां अशी कल्पना करा, कीं राजुरास एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांच्या नांवें अशी एक बंदूक आहे. मुलाला इंदुरास नोकरी मिळाली, आणि 'बाबा, आतां येथें एकटे राहूं नका,' असें म्हणून तो त्यांना घेऊन निघाला. सामानाबरोबर बंदूकही गाडींत चढली. परवाना वडिलांच्या नांवें व महाराष्ट्रापुरता, आणि त्याची मुदतही मागल्या वर्षींच संपलेली. घरांतील कोणाच्याही मनांत पाप नाहीं. तरीही धुळें मागें टाकून गाडी सेंधव्याकडे मध्यप्रदेशांत शिरली, कीं तें सरळमार्गी कुटुंब गुन्ह्याच्या कक्षेंत येऊन उभें राहतें. किंबहुना मुदत संपली त्या दिवसापासूनच तें तेथें उभें होतें. प्रवासानें तें उघडकीस आणलें, इतकेंच.

येथें कोणी म्हणेल, 'ही सरकारी नोंदवही म्हणजे गरिबाला छळण्याचें साधन.' राजूरच्या परिसरांत ही शंका मनांत येणें अगदीं स्वाभाविक आहे. याच भागांतील देवगांवच्या राघोजी भांगरे यांनीं इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचललें, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आली. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रांच्या नोंदी करण्याचे व तीं काढून घेण्याचे कायदे आले. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत जो शस्त्रकायदा झाला, त्यांत गोऱ्यांना सूट होती आणि देशी माणसाला परवान्याची सक्ती होती. त्या काळची नोंदवही ही प्रजेवरील अविश्वासाची वही होती, यांत संशय नाहीं. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख केला. मात्र तो नियमांच्या अधीन राहून, हेंही त्याच ठरावांत होतें.

स्वतंत्र भारताच्या संसदेनें १९५९ सालीं जुना कायदा रद्द करून नवा केला. वंशावरून भेद करणारी ती जुनी रचना गेली. नियमन मात्र राहिलें. तें कां राहिलें, हें समजण्यासाठीं परवाना म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. परवाना तीन गोष्टींची गांठ घालतो: एक विशिष्ट माणूस, एक विशिष्ट शस्त्र आणि एक विशिष्ट क्षेत्र. यांपैकीं एकही धागा सुटला, कीं गांठ सैल झाली असें समजावें. वडिलांचा परवाना मुलाला चालत नाहीं. एका बंदुकीचा परवाना दुसऱ्या बंदुकीला चालत नाहीं. आणि एका राज्यापुरता परवाना दुसऱ्या राज्यांत आपोआप चालत नाहीं.

म्हणून बिऱ्हाड हलविण्याचें ठरतांच पहिलें काम हें, कीं परवाना उघडून वाचावा. त्यावर मुदत लिहिलेली असते. ती पूर्वीं तीन वर्षांची असे. २०१९ च्या दुरुस्तीनें पांच वर्षांची झाली. त्यावर क्षेत्रही लिहिलेलें असतें. कांहीं परवाने मर्यादित क्षेत्रापुरते, कांहीं राज्यापुरते आणि थोडे सर्व भारतासाठीं असतात. शस्त्रांच्या राष्ट्रीय नोंदवहींतील विशेष ओळख क्रमांक परवान्यावर आहे कीं नाहीं, तेंही पाहावें. घरांत एकाच व्यक्तीच्या नांवें तीन शस्त्रें असतील, तर तेंही आतां चालणार नाहीं. २०१९ पासून सामान्य परवानाधारकाला दोनच ठेवतां येतात.

दुसरें काम वर्दी देण्याचें. १९६२ च्या नियमांत असें स्पष्ट होतें, कीं परवानाधारकानें राहण्याची जागा बदलून शस्त्र बरोबर नेलें, तर तीस दिवसांच्या आंत नव्या ठिकाणच्या व जुन्या ठिकाणच्या अशा दोन्ही परवाना-अधिकाऱ्यांस कळवावें, आणि मागतांच परवाना व शस्त्र नव्या अधिकाऱ्यापुढें हजर करावें. २०१६ सालीं नवे नियम आले, तरी दोन्हीकडे कळविण्याचें तत्त्व कायम आहे. हा अधिकारी सामान्यतः जिल्हादंडाधिकारी असतो. कांहीं मोठ्या शहरांत पोलिस आयुक्त असतो. नव्या शहरांत कोणाकडे जावयाचें, हें निघण्यापूर्वींच विचारून ठेवावें, आणि अर्जाची पोंच घेतल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नये.

परंतु वर्दी ही पोंहोंचल्यानंतरची गोष्ट झाली. परवान्याचें क्षेत्र जर महाराष्ट्रापुरतेंच असेल, तर क्षेत्र वाढवून मिळेपर्यंत, किंवा शस्त्र नेण्याची रीतसर परवानगी हातीं येईपर्यंत, बंदूक राज्याची सीमा ओलांडतां कामा नये. तोंवर ती पोलिस ठाण्यांत, अथवा शस्त्रें ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे, पावती घेऊन ठेवावी. बंदूक मागाहून गेली, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

आपल्या राजूरच्या कुटुंबाकडे पुन्हां वळूं. वडिलांनीं म्हटलें, 'मला आतां ही नको. तूंच ठेव,' तर? तोंडीं दानानें बंदूक मुलाची होत नाहीं. धारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्यानें शस्त्र नेण्याची सवलत कायद्यांत आहे, पण ती दुरुस्ती, परवान्याचें नूतनीकरण, किंवा स्वतः धारकाचाच वापर एवढ्यापुरती. मात्र २०१६ च्या नियमांनीं एक चांगला मार्ग ठेवला आहे. धारकाचें वय सत्तर झालें असेल, किंवा त्यानें तें शस्त्र पंचवीस वर्षें बाळगलें असेल, तर त्याच्या हयातींतच वारसाला परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. धारक निवर्तला असेल, तर मात्र वारसांनीं शस्त्र विनाविलंब जमा करावें व नंतर अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं. म्हणून घरांतील जाणत्या माणसानें तें आधींच माहीत करून घ्यावें.

राजूरच्या बाजूस आणखी एक नोंद आहे. पश्चिमेच्या डोंगरांत १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्याच्या आंत किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या पट्ट्यांत राहणाऱ्या परवानाधारकानें वनखात्याकडेही आपलें नांव नोंदवावयाचें असतें, आणि तेथें नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवांचून मिळत नाहीं. म्हणजे बाहेरून येऊन या पट्ट्यांत घर करणाऱ्यानेंही दोन दारें ठोठावावीं.

नवीं राज्यें बाहेरच्या परवान्याकडे संशयानें कां पाहतात, असा प्रश्न पुष्कळ निवृत्त सैनिक विचारतात. त्याचें एक कारण असें, कीं २०१२ ते २०१६ या काळांत जम्मू-काश्मीरमध्यें दिलेल्या परवान्यांबद्दल, तेथें राहत नसलेल्यांनाही ते पैसे घेऊन दिल्याच्या आरोपावरून, केंद्रीय अन्वेषण विभागाला मोठी चौकशी करावी लागली. कांहींच्या खोट्या कागदांमुळें खऱ्या कागदांनाही थांबावें लागतें. त्यावर रागावून नोंद टाळणें हा उपाय नव्हे. परवान्याच्या अटीचा साधा भंगही सहा महिन्यांपर्यंत कैदेस किंवा दंडास पात्र आहे. आणि परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षें कैदेचा गुन्हा आहे. अधिकाऱ्यानें परवाना नाकारला, तर अपील करण्याचा मार्ग आहे. लपविलेल्या बंदुकीला मात्र कोणताच मार्ग उरत नाहीं.

ज्या डोंगरांत एकेकाळीं परक्या सरकारच्या वहींत नांव येणें म्हणजे संकट वाटे, त्याच डोंगरांतून निघणाऱ्या माणसानें आज आपण होऊन वहींत नांव घालावें, असें मी सांगत आहे. दोहोंत फरक एवढाच, कीं पहिली वही आपणांस विचारून केलेली नव्हती, आणि दुसरी आपल्याच प्रतिनिधींनीं केली आहे. तिच्यांतील उणिवांविषयीं आपण बोलूं शकतों, भांडूंही शकतों. पण त्यासाठीं आपला कागद स्वच्छ असावा लागतो.

तेव्हां बिऱ्हाडाच्या यादींत बंदूक शेवटीं न लिहितां पहिल्या ओळींत लिहा. आणि तिच्यासमोर, 'कागद आधीं, वस्तु मागाहून,' एवढेच शब्द लिहून ठेवा.